पुलापलीकडचं लायसन्स

त्याला सगळे मखमल म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कंपनीच्या कारकुनाशिवाय कुणाच्या लक्षात नसे. एकोणीस वर्षं त्याने एका खासगी कंपनीची बस चालवली. त्याच्या गाडीत उभ्याने चहा पिणाऱ्याच्या शर्टावर कधी थेंब सांडला नाही, असं डेपोतले लोक सांगायचे. ब्रेक लागला हे प्रवाशांना गाडी थांबल्यावरच कळायचं. नवा ड्रायव्हर कामावर आला की फोरमन त्याला म्हणायचा, "पोटातलं पाणी हलता कामा नये. जा, मखमलच्या मागे बसून एक फेरी मारून ये."

एका मंगळवारी सकाळी बस सिग्नलला उभी होती. मखमलने मागे वळून कंडक्टरला विचारलं, "काही जळतंय का रे? रबर जळल्याचा वास येतोय." कंडक्टर नाही म्हणाला. तेवढ्यात मखमलची मान उजवीकडे वळली ती तशीच राहिली, आणि ब्रेकवरचा पाय सुटला. माणूस चालतो तेवढ्याच वेगाने बस पुढे गेली, फुटपाथवर चढली आणि एका बाकड्याला टेकून थांबली. बाकड्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईचा घोटा मोडला. मखमल शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या ओठातून रक्त येत होतं आणि लोक त्याला दारुडा म्हणून शिव्या घालत होते. आयुष्यात त्याने दारूला हात लावला नव्हता.

डॉक्टरांनी फोटो काढले, डोक्याला तारा लावून बघितलं आणि सांगितलं, की मेंदूत एक जुना वण आहे, ही फिट त्यामुळे आली, पुन्हा येऊ शकते. "गोळ्या सकाळी दोन, रात्री दोन. एकही चुकवायची नाही. वर्षभर एकही झटका आला नाही, तर मी लिहून देईन. तोवर गाडी नाही, शिडी नाही, पाण्याच्या काठाला एकट्याने जाणं नाही."

परिवहन कार्यालयाने लायसन्स निलंबित केलं. कार्ड खिडकीतून आत घेतलं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि एक पावती दिली. मखमल ती पावती हातात धरून बराच वेळ तिथेच उभा राहिला. शेवटी मागचा माणूस म्हणाला, "काका, सरका की."

त्याची बायको घरात बसून कपडे दुरुस्त करायची. पँटी आखूड करणं, झिपा बदलणं, कंबर ढिली करणं. गल्लीत तिला टेलरताई म्हणत. नवरा घरी बसला तसं तिने त्याला शिवण उसवायचं काम दिलं. एकोणीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या त्या हातांत ब्लेड आलं. तो मुकाट्याने उसवायचा, आणि चांगलं उसवायचा. पण खिडकीखालून बस गेली की त्याचा डावा पाय जमिनीवर हलकेच दाबला जायचा, क्लच दाबावा तसा. तिला ते दिसायचं. ती मान खाली घालून मशीन चालवायची.

अशातच एक दिवस तिने त्याचं जुनं जाकीट अस्तर बदलायला उघडलं. आतल्या बाजूला, शिवण उसवून खाली घसरलेलं, लायसन्सचं एक कार्ड निघालं. चार वर्षांपूर्वी ते हरवलं म्हणून त्याने दुसरी प्रत काढली होती. ऑफिसने ड्रॉवरमध्ये टाकली ती ही दुसरी. हे पहिलं कार्ड शाबूत होतं आणि त्यावरची मुदतही अजून संपली नव्हती.

"हे बघा, तुमचं तरुणपण सापडलं," म्हणत तिने हसत ते त्याच्यासमोर धरलं.

त्याने ते घेतलं, अंगठ्याने पुसलं आणि खिशात ठेवलं. तो हसला नाही. ते आपण चुलीत घातलं असतं तर, हा विचार पुढे तिच्या मनात किती वेळा आला, त्याला गणती नाही.

गाव नदीकाठी होतं आणि नदी ही राज्याची हद्द. पुलाच्या पलीकडे दुसरं राज्य, दुसऱ्या नंबराच्या गाड्या, दुसऱ्या रंगाचे पोलीस. चहाच्या टपरीवर मखमलने विषय काढला, की एका राज्याने लायसन्स अडकवलं तर ते दुसऱ्या राज्यात लागू होतं का? तिथे माणसं तीन आणि मतं चार. ऑफिसबाहेर टेबल टाकून बसणारा एजंट म्हणाला, "सस्पेन्शन कुणी केलं? ह्या ऑफिसने. पलीकडचं ऑफिस ह्याच्या बापाचं आहे का? तिकडे तुमच्या नावावर काडीचाही डाग नाही." एक निवृत्त ड्रायव्हर कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "लायसन्स देशभर चालतं ना? मग बंदीही देशभर चालायची. गोड तेवढं आपलं आणि कडू दुसऱ्याचं, असं कसं जमेल?" पण त्याचं ऐकायला कुणी बसलं नव्हतं. मखमल तर नव्हताच.

मखमलची थोरली बहीण पुलापलीकडे राहायची. तिचे यजमान हातमोज्यांच्या कारखान्यात मुकादम होते. बायकांना नाक्यावरून आणायची-पोचवायची व्हॅन त्यांच्या ताब्यात होती आणि जुना ड्रायव्हर काम सोडून गेला होता. वन्सं स्वतः हे सांगायला आल्या.

"हिऱ्यासारखा माणूस घरात बसून दोरे ओढतोय," त्या म्हणाल्या. "बघवत नाही मला."

"पण वन्सं, डॉक्टरांनी..." टेलरताईने तोंड उघडलं.

"डॉक्टर म्हणणारच. त्यांना कुठे भाकरी कमवायची आहे ह्याची? चार महिन्यांत एक तरी झटका आलाय का?"

आला नव्हता. तिने मखमलकडे बघितलं. त्याच्या तोंडावर चार महिन्यांत पहिल्यांदा रंग आला होता. ती गप्प बसली. तोंडात मूग धरणं किती सोपं असतं हे तिला त्या दिवशी कळलं. गिळायला मात्र फार दिवस लागले.

तो कामावर जाऊ लागला. एक गोष्ट मात्र खरी, पुलाच्या अलीकडे त्याने कुठल्याही गाडीला हात लावला नाही. शेजाऱ्याने स्कूटर जरा बाजूला घ्यायला सांगितली, तर म्हणाला, "मला परवानगी नाही." रोज पहाटे तो चालत पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये चढायचा. आपण कायदा पाळतोय असं त्याला मनापासून वाटत होतं.

घर पुन्हा घरासारखं झालं. तो जेवताना बोलू लागला. कोणती बाई खिडकीसाठी भांडते, कोणती सीटवर बसल्या बसल्या झोपते, कुणाला सातवा महिना लागलाय म्हणून खड्डा आला की आपण गाडी कशी रांगत नेतो. ती ऐकायची आणि तिला बरं वाटायचं. असे तीन महिने गेले.

मग एका सकाळी तो कप तोंडाशी नेऊन थांबला. कप हवेत, डोळे उघडे, ओठ चघळल्यासारखे हलतायत. तिने हाक मारली. तिने खांदा हलवला. भिंतीवरच्या घड्याळात अर्धं मिनिट गेलं, मग त्याने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "काय गं? अशी काय बघतेस?"

"आत्ता काय झालं तुम्हाला?"

"कुठे काय झालं?"

तो गेल्यावर तिने गोळ्यांचा डबा काढला. महिना संपत आला तरी पट्ट्या निम्म्याच संपल्या होत्या. संध्याकाळी तिने त्या पट्ट्या त्याच्या ताटाशेजारी मांडल्या.

"सकाळच्या घेत नाही मी," तो म्हणाला. लपवालपवी नाही, काही नाही. "घेतल्या की दुपारपर्यंत डोळ्यांवर झापड येते. झोपेत गाडी चालवू का? बावीस बायका असतात मागे."

"बावीस बायका असतात म्हणूनच घ्यायच्या ना! आणि घेऊन झोप येत असेल तर गाडी सोडायची."

"आवाज चढवू नकोस. मला तिकडे बंदी नाही."

"बंदी नाही, बंदी नाही! अहो, पूल ओलांडताना डोकं इथं ठेवून जाता का?"

तो ताटावरून उठला. ती आपल्याच बोलण्याने हादरून बसली. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, आणि त्याला अर्धपोटी उठवायची ही पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी ती वन्संकडे गेली. वन्संनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. तू हे बाहेर बोललीस तर त्याची नोकरी जाईल आणि ह्यांचीही जाईल. ह्यांनीच ठेवलाय ना त्याला? आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? रोज त्याच्यासमोर उभी राहून गोळ्या दे. बायको आहेस ना?"

तिने तेही करून बघितलं. तो गोळ्या तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा. चौथ्या दिवशी तिला मोरीच्या जाळीत अर्धवट विरघळलेली गोळी दिसली.

तेव्हा तिने ठरवलं, की एकदा स्वतः त्या व्हॅनमध्ये बसायचं. एका सकाळी व्हॅनच्या दाराशी जाऊन त्याला म्हणाली, "कारखान्यात शिवणकामाला बाई हवी आहे म्हणे, विचारून येते." त्याला खोटं कळलं असावं, पण बायका आधीच चढू लागल्या होत्या. त्याने दार उघडून दिलं.

बायकांनी तिला डोक्यावर घेतलं. मखमलची बायको म्हटल्यावर पुढची सीट मिळाली. सातव्या महिन्याची ती मुलगी – मुलगीच म्हणायची, विशीच्या आतबाहेर असेल – तिच्या शेजारी सरकली. "काकू, काका आल्यापासून मला उलटी नाही झाली गाडीत. आधीचा होता तो असा हाणायचा, की पोर तिथंच बाहेर येईल असं वाटायचं." सगळ्या हसल्या. मागून एक दणकट आवाजाची बाई ओरडली, "काकू, आम्हाला तुमचा नवरा भाड्याने द्या, नुसता सकाळ-संध्याकाळ!" पुन्हा हशा. मखमल आरशातून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जी लाज आणि जो आनंद होता, तो तिने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहिला होता. तिला भडभडून आलं.

रस्ता कालव्याच्या कडेने जात होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये कठडा नाही. पाणी काठापर्यंत भरलेलं. तिचे डोळे त्याच्या मानेवर खिळले होते.

तेवढ्यात तो म्हणाला, "काही जळतंय का?"

ती उठून उभी राहिली. "थांबवा! गाडी थांबवा! अहो, थांबवा म्हणते ना!" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. त्याने गाडी थांबवली. तेव्हाही अशी थांबवली, की कुणाला धक्का बसला नाही. हँडब्रेक ओढला आणि मागे वळून तिच्याकडे बघितलं. ती त्याच्या मानेकडे, डोळ्यांकडे, ओठांकडे बघत वाट पाहत राहिली.

काही झालं नाही.

"अगं बाई, टायर जाळतायत भिंतीमागे," दणकट बाई म्हणाली. भिंतीवरून काळा धूर येत होता. सगळ्यांनाच वास येत होता. "काकू, केवढ्याने घाबरलात! गाडीला आग लागली असं वाटलं का?"

"हो," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्या संध्याकाळी तो घरी आला तो सरळ तिच्यासमोर उभा राहिला. "पुन्हा माझ्या गाडीत पाय ठेवायचा नाहीस. चारचौघींत शोभा केलीस माझी."

त्याचं खरं होतं. त्या दिवशी चूक तिची होती. पण पडल्या पडल्या तिच्या डोळ्यांसमोर एकच येत होतं. वास खरा होता म्हणून वाचलो. उद्या खोटा वास आला, तर गाडीत ओरडायला कोण आहे? त्या बायका हसतील आणि म्हणतील, काका, काही नाही जळत.

पुलापलीकडच्या परिवहन कार्यालयात ती पहिल्यांदाच गेली. लांब खोली, पिवळ्या भिंती, बाकड्यांवर नंबराचे कागद घेऊन बसलेली माणसं. दीड तासाने तिची पाळी आली. खिडकीत एक उतारवयाचा कारकून होता.

"पलीकडच्या ऑफिसने लायसन्स सस्पेंड केलं, तर ते इकडे लागू होतं का हो?"

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "कुणाचं लायसन्स?"

"आधी लागू होतं का ते सांगा."

"होतं ना, बाई. लायसन्स साऱ्या देशात चालतं, तशी बंदीही साऱ्या देशात चालते. मधल्या पुलाला कायद्यात काही किंमत नाही."

"मग तो माणूस चार महिने इथे गाडी चालवतोय, ते तुम्हाला कळलं कसं नाही?"

"कळायला तिकडची नोंद आमच्या मशीनवर यायला लागते. येते कधी सहा महिन्यांनी, कधी येतच नाही. लागू असणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं. कुणीतरी सांगावं लागतं." त्याने कागद पुढे सरकवला. "लिहा. नाव, गाडीचा नंबर, मालक कोण, हकिकत काय. निनावी अर्ज घेत नाही आम्ही. भाऊबंदकीत लोक काहीही लिहून देतात."

ती बाकड्यावर बसून लिहू लागली. शाळेत तिचं अक्षर नावाजलेलं होतं. तेवढं एकच नावाजलेलं होतं म्हणा. एकही खाडाखोड न करता तिने लिहिलं. शेवटी एक रकाना होता, अर्जदाराचं संबंधिताशी नातं. तिथे पेन थांबलं. शेजारच्या माणसाने विचारलं, "बाई, पेन झालं असेल तर देता का?" तिने लिहिलं, पत्नी. आणि पेन त्याला दिलं.

कारकुनाने अर्ज वाचला. त्या शब्दापाशी त्याचे डोळे थांबले, मग त्याने शिक्का मारला. "साहेब दौऱ्यावर आहेत. तिकडे पत्र जाईल, उत्तर येईल, मग कारवाई. पंधरा दिवस धरून चाला."

"पंधरा दिवस? रोज तो रस्ता कालव्यावरून जातो हो."

"मी शिक्का मारू शकतो, बाई. व्हॅन थांबवू शकत नाही." मग तो जरा पुढे झुकून म्हणाला, "घरी परत जायला जागा आहे ना तुम्हाला?"

तिने मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिलाही कळलं नाही.

पंधरा दिवस थांबणं तिच्याने होईना. दुसऱ्या सकाळी मखमल उठायच्या आत ती घराबाहेर पडली आणि पूल ओलांडून बायका जमतात त्या नाक्यावर पोचली. तेरा-चौदा जणी आल्या होत्या. तिने सगळं सांगितलं. बाकडं, घोटा, ड्रॉवरमधलं कार्ड, अस्तरातलं कार्ड, मोरीतली गोळी. सांगताना ती रडली नाही. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

"चांगला माणूस आहे तो," सातव्या महिन्याची मुलगी शेवटी म्हणाली. आता तिला आठवा लागला होता.

"चांगलाच आहे," टेलरताई म्हणाली.

"मग आज का सांगतेस?" दणकट आवाजाची बाई पुढे आली. आज त्या आवाजात मस्करी नव्हती. "चार महिने माझी पोरगी माझ्यासोबत येते ह्या गाडीतून. चार महिने तू घरात बसून काय करत होतीस? आणि आता त्याच्या पोटावर पाय आणि आमच्याही. कारखाना नऊ किलोमीटर आहे. उडत जाऊ?"

तेवढ्यात व्हॅन आली.

मखमलने दार उघडलं. कुणी चढलं नाही. त्याने हॉर्न दिला नाही, तो कधीच देत नसे. थोडा वेळ वाट बघून तो खिडकीतून म्हणाला, "काय झालं? चला की, भोंगा होईल." बायका खाली बघत होत्या. एक-दोघी मागे सरकल्या आणि त्यांच्यामागे उभी असलेली त्याची बायको त्याला दिसली.

तो तिच्याकडे बघत राहिला. इंजिन चालू होतं. मग त्याने इंजिन बंद केलं, किल्ली काढली, खाली उतरला आणि ती किल्ली दणकट बाईच्या हातात दिली. "मुकादमांना द्या," म्हणाला, आणि पुलाकडे चालू लागला. ती त्याच्या मागे वीस पावलांवर चालत घरी आली. वाटेत त्याने एकदाही मागे बघितलं नाही.

पुढचं जसं व्हायचं तसंच झालं. मुकादमांना कामावरून काढलं. वन्संनी दारात येऊन तिला घरभेदी म्हटलं आणि हात झटकून गेल्या. कारखान्याने पंधरा-वीस दिवस दुसरी गाडी दिली नाही. बायका नऊ किलोमीटर चालल्या, दोघींनी काम सोडलं. आठव्या महिन्यातली मुलगी त्यांतलीच एक. ह्या बायकांपैकी कुणी टेलरताईला ‘वाचवलंस’ म्हणून धन्यवाद द्यायला आलं नाही. कशापासून वाचवलं हे कुणाला दिसलंच नव्हतं, तर देणार कशाचे?

मखमल पुन्हा शिवण उसवू लागला. गोळ्या आता वेळेवर घ्यायचा, सकाळी दोन, रात्री दोन, तिच्यासमोर, तोंड उघडून दाखवायचा. ते दाखवणं शिवीपेक्षा वाईट होतं. बोलणं कामापुरतं. वर्ष गेलं. ह्या वर्षभरात त्याला एकही झटका आला नाही. डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तारा लावल्या आणि समाधानाने लिहून दिलं, की आता हरकत नाही.

ते पत्र घेऊन दोघं आपल्या बाजूच्या परिवहन कार्यालयात गेले. तिने बरोबर यावं असं तो म्हणाला नव्हता, येऊ नकोस असंही नाही. बाकड्यावर ती त्याच्या शेजारी बसली. तो बऱ्याच महिन्यांनी आपणहून बोलला.

"वर्षात एकदाही आला नाही."

"हो."

"म्हणजे तेव्हाही काही झालं नसतं."

"तेव्हा तुम्ही गोळ्या घेत नव्हतात," ती म्हणाली.

"नसतं झालं," तो म्हणाला. तिने वाद घातला नाही. तिलाच कुठे माहीत होतं?

खिडकीतल्या तरुण कारकून बाईने डॉक्टरांचं पत्र वाचलं, मशीनवर काहीतरी बघितलं, आत जाऊन फाइल आणली. "तुमचं निलंबन संपलं असतं, काका. पण इथे पलीकडच्या राज्याची तक्रार आहे. बंदी असताना जुनं कार्ड वापरून प्रवासी वाहन चालवलं. त्यामुळे लायसन्स कायमचं रद्द झालंय. आदेश दोन महिन्यांपूर्वीच निघाला, पोस्टाने यायला पाहिजे होता."

"ती तक्रार तिकडची आहे ना?" मखमलने विचारलं. "इकडे लागू होते?"

"कुठेही लागू होते."

त्याने फाइल बघायला मागितली. कारकून बाईने ती खिडकीतून पुढे केली. वरच तो अर्ज होता. तो सावकाश वाचत गेला, ओळीवर बोट ठेवून, पहिल्या शब्दापासून शेवटच्या रकान्यापर्यंत. टेलरताई शेजारी उभी होती.

वाचून झाल्यावर त्याने फाइल मिटली आणि परत दिली.

"अक्षर छान आहे तुझं," तो म्हणाला. "मला माहीतच नव्हतं. पंचवीस वर्षांत मला कधी चिठ्ठी लिहिली नाहीस."

घरी आल्यावर त्याने पिशवीत दोन शर्ट, दाढीचं सामान आणि गोळ्यांच्या पट्ट्या भरल्या. बहिणीकडे जातो म्हणाला. तिने विचारलं, "किती दिवस?" त्याने पायताण घालता घालता, तिच्याकडे न बघता, मशीनवर पडलेल्या एका पँटीकडे बोट दाखवलं. "त्या डाव्या पायाची शिवण उसवायची राहिलीय. बघून घे."

तो जिना उतरून गेला. ती आत आली, दिवा लावला, पँट मांडीवर घेतली आणि डावा पाय उसवायला लागली. गिऱ्हाईक सहा वाजता येणार होतं.